पाळण्यातलं नाव बिलाल

सत्त्याऐंशी साली, नातू जन्मायच्या आठ दिवस आधी माझी बायको द्रौपदी गेली. जाताना एवढंच म्हणाली, मुलगा झाला तर बिलाल नाव ठेवा. दोन महिन्यांनी बारसं ठरलं, तेव्हा मला एकच वाटत होतं, तिचं हे तरी व्हावं.

मुलगा धर्मराज ऐकेना. "आबा, सुमेध ठरलंय."

"आईनं सांगितलंय तुझ्या."

"आईनं मांजराचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं होतं. तिचं सगळंच ऐकायचं का?"

द्रौपदी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. नाव तिथूनच आणलेलं. मी अंबरनाथहून शेअर रिक्षानं तिथे गेलो. तिथले शिलाईमास्टर यासीन मशीनवर होते.

"मास्टर, बिलालचा अर्थ काय?"

"ओलावा. घसा भिजवणारं पाणी. पण चाचा, अर्थ बघून कोण नाव ठेवतो? माणूस बघून ठेवतात."

मशीन न थांबवता त्यांनी सांगितलं. बिलाल हबशी गुलाम होता. मालकानं त्याला तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवला, तरी तो म्हणत राहिला, देव एकच. पुढे त्याची सुटका झाली. आवाज चांगला होता, म्हणून पैगंबरांनी अजान द्यायचं काम पहिल्यांदा त्यालाच दिलं.

"चौदाशे वर्षं लोक हे नाव ठेवतायत. आमच्या गल्लीतच चार आहेत. एकाला जेवायला हाक मारली की चौघं येतात," मास्टर म्हणाले. "चाची ही गोष्ट पुन्हापुन्हा सांगायला लावायच्या."

मला ती कधी बोलली नव्हती. परतताना रिक्षात मी डोळ्यांना रुमाल लावला. शेजारच्यानं विचारलं, "धूळ गेली काय?" मी हो म्हणालो.

घरी तडजोड झाली. शाळेत सुमेध. बिलाल फक्त पाळण्यात, तेही आत्यानं एकदाच कानात सांगायचं.

"हळू हं, अंजे," धर्मराजनं बहिणीला बजावलं. "चाळीला कळता कामा नये."

आमच्यात आधी त्रिशरण-पंचशील, मग पाळणा. अंजनीनं वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि त्यानं असं भोकाड पसरलं की तिचं बोलणं तिलाच ऐकू येईना. वरून बायका रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घालत होत्या. दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा ती वैतागून ओरडली, "बिलाल. अरे, बिलाल."

नेमकं तेव्हाच पोर श्वास घ्यायला थांबलं. नाव पार नळापर्यंत गेलं.

शेजारच्या कौसाबाईंनी विचारलं, "हे गं कुणाचं नाव?"

अंजनी माझ्याकडे बघायला लागली. मी घसा खाकरला, पण बोलला धर्मराज.

"एक गुलाम होता, मावशी."

त्यानं सगळी गोष्ट सांगितली. वाळू, दगड, आणि मास्टरांनी मला न सांगितलेलंसुद्धा, की मक्का जिंकल्यावर याच बिलालला काबाच्या छतावर चढवलं आणि तिथून त्यानं अजान दिली. मी त्याला यातलं काही बोललो नव्हतो. कारखान्यातून आल्यावर द्रौपदी भाकऱ्या थापताना पोरांना काहीबाही सांगत असायची. मी तेव्हा बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसायचो.

कौसाबाई म्हणाल्या, "एवढं चांगलं नाव आहे, तर सुमेध कशाला?"

धर्मराजनं पाळण्याला झोका दिला. "ते कागदावर, मावशी. घरात बिलालच."