सहा जोड

कचऱ्याच्या पिंपात पुट्टीचा रिकामा डबा दिसला, तेव्हा व्हर्नेल मॅडक्सने त्यावर बटाट्याची सालं टाकली आणि झाकण लावलं. दोन पावलं गेली, परत फिरली आणि सालं बाजूला सारून तिने तो डबा बाहेर काढला. गाडीच्या पत्र्याला पोचे पडले की ते बुजवायची साधी पुट्टी होती. पण त्यांच्या गॅरेजात जी गाडी उभी राहत होती, तिला पोचा पडायला पत्रा होताच कुठे? इंजिनापुढे हातभर ॲल्युमिनियम, तेवढाच. बाकी सगळा नळ्यांचा सांगाडा.

गाडी चाळीस वर्षांपूर्वीच्या धर्तीची होती. लांबलचक, बारीक, पुढे सायकलीसारखी दोन चाकं आणि मागे रोडरोलरसारखी दोन. इंजिन पुढे आणि चालक मागच्या चाकांच्याही मागे, गलोलीच्या चामड्यात ठेवलेल्या खड्यासारखा. तिकडे तिला गलोलच म्हणायचे. पाव मैल सरळ रस्ता, सहा-सात सेकंद, संपलं. त्या काळी इंजिन फुटलं की ते चालकाच्या तोंडावरच यायचं. पोरांचे पाय गेले, काहींचे जीव गेले, तेव्हा कुठे सगळ्यांनी इंजिन मागे नेलं. पण जुन्या आठवणींसाठी भरतात त्या शर्यतींत अजून तशाच गलोली पळतात, आणि मॅडक्स बंधूंना मरायच्या आधी एकदा ती पळवायची होती.

व्हर्नेलचा नवरा ऑरिन थोरला, अडुसष्ट वर्षांचा. ऑइलडेलच्या तेलविहिरींवर त्याने चाळीस वर्षं पाइपांचं वेल्डिंग केलं. क्लीव्ह धाकटा, त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, अंगाने आडवा, तोंडाने फटकळ. तरुणपणी ऑरिन गाडी बांधायचा, क्लीव्ह चालवायचा आणि व्हर्नेल गाडीपुढे उभी राहून हातांच्या खुणांनी तिला सुरुवातीच्या रेषेवर आणायची. आताही तसंच ठरलं होतं. इंजिन क्लीव्हचं, सांगाडा ऑरिनचा.

ऑरिनच्या वेल्डची त्या भागात ख्याती होती. एकावर एक कलती ठेवलेली नाणी दिसावीत तशी त्याची वीण. ग्राइंडरने वेल्ड गुळगुळीत करणाऱ्यांना तो हसायचा. म्हणायचा, "जो घासतो, तो काहीतरी लपवतो."

व्हर्नेलने डबा पिशवीत गुंडाळून पिंपाच्या तळाशी घातला. त्याबद्दल ऑरिनला काही विचारलं नाही. का विचारलं नाही, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

डिसेंबरात धुकं उतरलं. त्या खोऱ्यात ते एकदा बसलं की आठ-आठ दिवस हलत नाही. रस्त्यापलीकडचे तेलाचे पंप दिसेनासे झाले, नुसती त्यांची कुरकुर ऐकू यायची. ऑरिन न्याहारी उरकून गॅरेजात जायचा आणि दार आतून लावून घ्यायचा. पूर्वी कधी लावत नसे. जेवताना तो हल्ली चमच्याऐवजी मक्याच्या पावाने बीन्स टिपून खायचा. कॉफीचा पेला अर्धाच भरायला सांगायचा. व्हर्नेल अर्धा भरायची.

जानेवारीत सांगाडा तपासायला माणूस आला. त्याने चिकटवलेल्या बिल्ल्याशिवाय गाडी शर्यतीच्या पट्टीवर उतरवता येत नाही. तोवर सांगाड्याला लालभडक रंग चढला होता. त्याने यंत्र लावून नळ्यांची जाडी मोजली, वाकून जोड पाहिले आणि चालकाच्या डोक्याभोवतीच्या पिंजऱ्यावरून अंगठा फिरवला.

"वा! ऑरिन, हात अजून तस्साच आहे रे तुझा," तो म्हणाला. "हल्लीच्या पोरांना आणून दाखवायला पाहिजे."

ऑरिन हसला. त्याचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते, आणि तो माणूस आल्यापासून जाईपर्यंत ते तिथेच राहिले. निघताना त्याने हात पुढे केला, तर ऑरिनने कोपरानेच त्याला ढोसलं आणि म्हणाला, "ग्रीसने माखलेत बाबा." व्हर्नेल दारात उभी होती. तिने सकाळीच त्याच हातांना साबण लावून दिला होता.

दुसऱ्या दिवशी ऑरिन नटबोल्ट आणायला गेला, तशी ती स्क्रूड्रायव्हर घेऊन गॅरेजात शिरली. तिने स्वतः बावीस वर्षं पाइपांच्या यार्डात वेल्ड तपासण्याचं काम केलं होतं. चुकीची जागा शोधायला तिला फार वेळ लागत नसे. चालकाच्या डाव्या खांद्याशी तीन नळ्या एकत्र येत होत्या, तिथली वीण फारच सुंदर होती. प्रत्येक नाणं सारखं. आगीने काढलेली वीण इतकी सारखी कधी येत नाही.

तिने टोकाने खरवडलं. लाल रंग निघाला आणि खालून पांढरी भुकटी झडली.

ती टायरवर बसली. चाळीस वर्षं ज्याने आग हाताळली, त्याने बोटांनी पुट्टीची नाणी पाडली होती, वाळवली होती, वर रंग मारला होता. किती दिवस लागले असतील त्याला!

ऑरिन परत आला तेव्हाही ती तिथेच होती. भुकटी त्याला दिसली. त्याने पिशवी खाली ठेवली.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? आणि काय सांगू? अरे, तो तुझा भाऊ बसणार आहे यात!"

"आतलं वेल्ड धड आहे, व्हर्न. वरची वीण बिघडली म्हणून झाकली. दिसायला."

"दिसायला? हात दाखव तुझे."

"उगाच—"

"दाखव म्हणते ना!"

त्याने हात बाहेर काढले. उजवा असा थरथरत होता, की जणू त्यात दुसऱ्याच कुणाचा जीव आहे. ऑरिन त्याच्याकडे पाहत नव्हता. तो भिंतीकडे पाहत होता.

"कधीपासून?"

"दोन वर्षं. सकाळी जरा बरा असतो."

ती डॉक्टरांचं बोलली, त्याने ऐकलं नाही. दुसऱ्या वेल्डरला बोलावू म्हणाली, तर तो असा भडकला की शेजारचं कुत्रं भुंकू लागलं. शेवटी एवढं ठरलं की तो जोड त्याने पुन्हा करायचा, सकाळी, तिच्यासमोर. दोन दिवसांनी त्याने तो केला. मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून, कोपर तिने दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. तासभर लागला. मग व्हर्नेलने भेगा तपासायचे आपले जुने डबे काढले. आधी लाल रंग फवारायचा, पुसायचा, वर पांढरी पूड मारायची. भेग असली की लाल रेघ पुडीतून वर येते. ती दोघं खांद्याला खांदा लावून वाट पाहत बसली. रेघ आली नाही.

"बाकीचे?" तिने विचारलं.

"हा एकच होता."

"शपथ?"

"शपथ, व्हर्न."

बाकीचे जोड खरवडून पाहायला तिला एक दुपार पुरली असती. डबे हातातच होते. पण त्याचा चेहरा पाहून तिने ते फळीवर ठेवून दिले. तिला विश्वास ठेवायचा होता, म्हणून तिने ठेवला. पुढे ती स्वतःला हेच सांगायची, कुणी न विचारताही.

मार्चमध्ये शर्यत. बदामाच्या बागांच्या मधोमध ती जुनी पट्टी, झाडं फुलून पांढरीफटक झालेली, आणि वाऱ्याला नायट्रो इंधनाचा असा वास की डोळ्यांतून पाणी यावं. पिकलेल्या दाढ्यांची माणसं गाडीभोवती गोळा झाली. जो तो वेल्ड पाहून माना डोलवत होता. क्लीव्हने अग्निरोधक कपडे चढवले, पोट आत ओढून चेन लावली.

"व्हर्नेल, हे कपडे आटले बघ कपाटात राहून."

"कपडे नाही आटले, मेल्या. तू सुटलास."

"ऐक, मी भिंतीत शिरलो तर गाडी थांबवायचं ते पॅराशूट उघडून माझ्या थडग्यावर पांघरा. धुवायची गरज नाही."

सगळे हसले. ऑरिन हसला नाही. व्हर्नेलच्या ते लक्षात आलं.

त्यांची पाळी आली. इंजिन सुरू झालं, तशी जमीन तळपायातून छातीपर्यंत हादरली. क्लीव्हने पाण्यात मागची चाकं फिरवून टायर तापवले, धुराच्या ढगातून गाडी रेषेपुढे धावली, थांबली आणि हळूहळू मागे येऊ लागली. व्हर्नेल पुढून तिच्यासमोर चालत होती, हातांनी डावीकडे, उजवीकडे दाखवत, टायरांच्या काळ्या पट्ट्यांवर त्याला नीट बसवत. ऑरिन इंजिनाशेजारून चालत होता.

गाडी रेषेवर आली. धूर विरला, तशी ती शेवटची नजर टाकायला इंजिनाच्या बाजूला येऊन वाकली. तेव्हा तिला दिसलं.

इंजिनाच्या मागे, डाव्या बाजूला, लाल रंगात केसाएवढी रेघ. इंजिनाच्या दर ठोक्याला ती उघडत होती आणि मिटत होती. उघडली की तिच्यातून चिमूटभर पांढरं झडत होतं.

तिने मान वर केली. ऑरिनही तिथेच पाहत होता. दोघांची नजर भेटली. त्याने उजवा हात खिशात घातला, आणि हलकेच मान हलवली. जाऊ दे.

त्या मानेचं तिला जितकं भय वाटलं, तितकं त्या रेघेचं वाटलं नाही.

तिने क्लीव्हकडे पाहून तळहात गळ्यावरून आडवा फिरवला. इंजिन बंद कर. हेल्मेटच्या काचेमागे क्लीव्हचे डोळे आक्रसले. त्याने डोकं हलवलं, बोटाने पुढची पट्टी दाखवली. दिवे लागण्याच्या बेतात होते. शेजारच्या पट्टीवरची गाडी गुरगुरत वाट पाहत होती. रेषेवरचा अधिकारी तिला बाजूला हो म्हणून ओरडत होता. ते तिला ऐकू येत नव्हतं, त्याचं तोंड नुसतं दिसत होतं. ती बाजूला झाली नाही. गाडीपुढे धावली, वाकली आणि पुढची दोन्ही बारीक चाकं दोन हातांनी धरून गुडघ्यांवर बसली.

इंजिन बंद पडलं. नुसता तापल्या लोखंडाचा टिकटिकाट उरला.

गाडी ढकलत दुरुस्तीच्या तळावर आणेपर्यंत क्लीव्हचा तोल सुटला होता. "काय झालं? तेल गळलं? बोल ना! चाळीस वर्षं थांबलोय मी, आणि तू सगळ्यांदेखत—"

पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेऊन व्हर्नेलने त्या जोडात खुपसला आणि पिळला. पुट्टीचा बोटभर तुकडा निघून डांबरावर पडला. खाली वेल्ड होतं, पण कसं? तुटक, फुगलेलं, नळीला नुसतं वरवर चिकटलेलं. भेग त्याच्या अर्ध्यापर्यंत गेली होती.

क्लीव्हने तो तुकडा उचलला. नखाने कुरतडून पाहिला. बराच वेळ.

"हा एकच?" त्याने विचारलं. विचारलं ते व्हर्नेलला नाही.

"सहा," ऑरिन म्हणाला. आणि मग, "तुझ्या डोक्यामागचे दोन धरून."

क्लीव्ह बर्फाच्या पेटीवर बसला. त्याचा चेहरा त्या बदामाच्या झाडांसारखा पांढरा पडला होता.

"हात चालत नाहीत रे माझे," ऑरिन म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पुढे धरले. "हे बघ."

"मला माहीत आहेत ते हात. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तू रश्शाचं भांडं घेतलं नाहीस, तेव्हाच कळलं. मला वाटलं, वेल्डिंग दुसऱ्याकडून करून घेतोयस आणि सांगायला लाजतोयस. म्हटलं, लाजू दे म्हाताऱ्याला. मी वीण पाहिली आणि म्हटलं, ज्याने कुणी केलंय, काय झकास केलंय!" त्याला हसू येत होतं की काय, कळत नव्हतं. "तू मला आत बसवून पट्टे आवळलेस, ऑरिन. तुझ्या हातांनी."

"टिकलं असतं," ऑरिन पुटपुटला. "एक फेरी टिकलं असतं."

क्लीव्ह उठला आणि तळाच्या टोकाशी गेला. तो ओकत होता, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसांनी सभ्यपणे तोंडं फिरवली.

इंजिन त्याने त्याच दुपारी काढून आपल्या पिकअपमध्ये घातलं. ईस्टरला तो जेवायला आला नाही. चार जुलैच्या सणालाही नाही. ऑरिनला व्हर्नेलने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, जे दोघांना आधीच माहीत होतं, आणि गोळ्या दिल्या.

मे महिन्यात ऑरिनने सांगाडा कापला. कापायला हात स्थिर लागत नाही, तो म्हणाला. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून त्याने तीन दिवस करवत चालवली. एकेक जोड कापला की तो तुकडा उजेडाकडे धरून आत पाहायचा आणि बाकावर मांडायचा. व्हर्नेलने ते पाहिले. सहांतले दोन आतून पोकळ होते. ती रात्रीचा स्वयंपाक करायला आत गेली, पण शेगडी पेटवायला तिला फार वेळ लागला. एका घरात, एका छपराखाली चार महिने ते जोड तसेच उभे होते, आणि रोज ती त्यांच्याशेजारून कपडे धुवायला जात होती.

ऑगस्टच्या अखेरीस क्लीव्हचा फोन आला. तो व्हर्नेलशीच बोलला. फ्रेस्नोजवळ एकजण सांगाडा बांधून देतोय, म्हणाला. पुन्हा गलोलच.

"तुला अजून हौस आहे?" ती म्हणाली.

"आहे. वेल्ड तपासायला तू येशील? रंग द्यायच्या आधी. ऑरिन नको."

ऑरिन टेबलाशी बसला होता. फोनमधला आवाज त्याला सगळा ऐकू येत होता. क्लीव्हला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. व्हर्नेलने त्याच्याकडे पाहिलं.

"जा," तो म्हणाला. "आणि खालून बघ. जमिनीवर आडवी हो. खालच्या बाजूला हात नीट पोचत नाही, माणूस तिथेच फसवतो."

तिने फोनवर येते म्हणून सांगितलं, आणि कुठल्या दिवशी ते विचारून घेतलं.