गाण्यातला दवाखाना

गुंडामास्तरांचे वरचे पुढचे दात हलायला लागले तेव्हाच त्यांना कळून चुकलं, की आता क्लॅरिनेटचे दिवस भरले. दाताच्या डॉक्टरांनी लग्नसराई सरेपर्यंतची सवलत दिली होती, एवढंच. "मग वरची सगळी ओळ काढून टाकू," ते म्हणाले होते. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांखाली धरावं लागतं. दातच गेले तर धरायचं कशात?

त्यामुळे मुंबईचे सबनीस पत्ता विचारत सोलापूरच्या साखर पेठेत आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या बँडची रेकॉर्ड काढायचीय, सगळी सिनेमाची गाणी," तेव्हा मास्तरांची जीभ आधी हलत्या दाताकडे गेली. त्यांची बायको फुलाबाईच आतून म्हणाली, "व्हय म्हणा की. दात पडायच्या आदी देव दाराशी आलाय."

दुष्काळानंतरचा तो दुसरा उन्हाळा. दोन वर्षं लग्नंच धड झाली नव्हती, आणि आता सगळीकडे लाऊडस्पीकरवाल्यांना बँडच्या रेकॉर्डी हव्या होत्या. सबनीसांची कंपनी लहानशी. त्यांनी सुट्टीतल्या एका शाळेचा हॉल घेतला, खिडक्यांवर जाड चादरी टांगल्या, पंखे बंद केले आणि फितीवर आवाज धरणारं मशीन मांडलं.

बँड जुना, रझाकाराच्या आधीपासूनचा. रावजी ट्रम्पेटवर, सिद्धलिंगप्पा मोठ्या ढोलावर, भीमा ताशावर. सबनीसांनी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं, तिथंच पहिलं घोडं अडलं.

"बसून ढोल?" सिद्धलिंगप्पा म्हणाला. "बसून माणूस जेवतो, साहेब."

त्यात खोटं काही नव्हतं. सगळा बँड मास्तरांच्या टाचेकडे बघून चालायचा. टाच पडेल तसा ताल. शेवटी अनवाणी पायांनी सतरंजीवर उभं राहायची परवानगी मिळाली. मग दुसरी पंचाईत. गाणं संपवायचं कसं, हे कुणालाच येईना. वरातीत गाणं संपत नाही, नवरदेव उतरतो. सबनीस हात वर करायला लागले, तेव्हा कुठं एकेक गाणं मुक्कामाला लागलं.

राहिलं एकच. सोलापुरातली वरात ज्याच्याशिवाय हलायची नाही ते जुनं गाणं. ते सबनीसांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण क्लॅरिनेटचा खरा कस त्यातच होता. आपल्यामागं राहावं असं मास्तरांनाही वाटायचं ते हेच.

सरावाला ते सुरू झालं. दुसरं कडवं सरलं आणि ढोल थांबला, ताशा थांबला, रावजीनं ट्रम्पेट खाली घेतला. एकट्या मास्तरांची क्लॅरिनेट हलक्या आवाजात चालत राहिली, मग पुन्हा ढोल पडला आणि गाणं पुढं निघालं.

सबनीसांनी हात हलवला. "मधे ते काय वाजवलंत?"

"कुटं मधे?"

"दुसऱ्या कडव्यानंतर. एकट्यानं."

"ते गाण्यातलंच हाय की," मास्तर म्हणाले.

सबनीसांनी मूळ रेकॉर्ड आणली होती, ती लावली. दुसरं कडवं झालं आणि तिसरं सुरू झालं. मधे काहीच नाही. मास्तरांना वाटलं, आपलं लक्ष चुकलं असेल.

"पुन्यांदा लावा."

पुन्हा तेच. "ही रेकॉर्ड अर्धवट असंल," सिद्धलिंगप्पा म्हणाला. पण त्याचाही आवाज खाली आला होता.

मास्तर रावजीकडे बघायला लागले. गाणं त्यांनी टॉकीजच्या मागच्या भिंतीला टेकून, खेळामागून खेळ ऐकून बसवलं होतं. तो तुकडा तिथंच ऐकला होता, याची त्यांना सूर्य-चंद्राइतकी खात्री होती. आता ती भिंत आठवत होती, तुकडा आठवत नव्हता.

रावजीनंच हळूच तोंड उघडलं. "मास्तर, हा दवाखाना हाय."

"काय?"

"बाळंतिणीचा दवाखाना. देवळाच्या वाटेवरचा."

सगळ्या वराती त्याच रस्त्यानं जायच्या. बाळंतिणीच्या दवाखान्यापुढं ढोल वाजवायचा नाही, ही बँडवाल्यांची जुनी रीत. पण सगळंच थांबलं तर घोडाही थांबतो, म्हणून मास्तर तेवढ्यापुरतं एकटेच हळू वाजवायचे. निघताना गाणं ठरलेलं, रस्ता ठरलेला. दुसऱ्या कडव्याला दवाखाना यायचा. असा वर्षानुवर्षं तो गाण्यात येऊन बसला.

"मग बार्शीला कसं वाजवलं? अकलूजला?" मास्तर म्हणाले. "तितं कुटं हुता दवाखाना?"

"नव्हताच की. तरी गप झालो आपन."

"आन् त्यात मी वाजवतो ते कुणाचं?"

यावर एकमत होईना. सिद्धलिंगप्पा म्हणाला, अक्कलकोटकडं बाया पाळण्याला असलं काही तरी म्हणतात. भीमा म्हणाला, मास्तरांची आई जात्यावर हेच म्हणायची. मास्तरांना ना पाळणा आठवला ना जातं. जेवणाचा डबा घेऊन आलेली त्यांची लेक बजाबाई दाराशी उभी होती, काखेत झोपलेलं पोर.

"आण्णा, मी त्याच दवाखान्यात बाळंत झाले तवा खाटंवर पडून ऐकायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमी माज्यासाठी वाजवताय."

कुठल्या वरातीत, हे मास्तरांना काही केल्या आठवेना. 'व्हय' म्हणावं तर खोटं, 'न्हाय' म्हणावं तर पोरीचं तोंड उतरेल. त्यांनी पुढं होऊन तिच्या हातातला डबा घेतला.

सबनीस माणूस भला होता. पण गाण्याच्या मालकांची परवानगी मूळ चालीचीच, जशी आहे तशी वाजवायची. तुकडा गाळायचा असं ठरलं. चौघांचं दोनदा घोकून झालं: थांबायचं नाही, सरळ पुढं.

मशीन फिरायला लागलं. मास्तरांनी टाच टेकली. पहिलं कडवं सोन्यासारखं गेलं. दुसरं गेलं, आणि सिद्धलिंगप्पाचा हात हवेतच राहिला. ताशा थांबला, ट्रम्पेट खाली आला. सगळे सरळ जाणार म्हणून घोकून बसलेले मास्तर एकटे पडले आणि त्यांची बोटं जिकडं जायची तिकडं गेली. सबनीसांनी हात वर केला नाही. तिसऱ्या कडव्यात मास्तरांच्या तोंडात काही तरी करकरलं, खारट लागलं. तरी त्यांनी गाणं शेवटाला नेलं.

क्लॅरिनेट काढली तर तोंडाशी रक्त. एक दात तळहातावर आला, शेजारचा लोंबायला लागला.

"कौलावर टाका, मास्तर," रावजी म्हणाला. "उंदराचा येतोय नवा." पण कुणी धड हसलं नाही.

"पुन्हा वाजवता येईल?" सबनीसांनी विचारलं.

मास्तरांनी मान हलवली. ती नाही म्हणून हलवली, हे सगळ्यांना समजलं.

"मग एक करता येतं. फीत कापून तो तुकडा काढतो आणि दोन टोकं चिकटवतो. नाही तर हे गाणं सोडावं लागेल."

"जोड दिसंल?"

"कळणारसुद्धा नाही."

मास्तरांना हायसं वाटायला हवं होतं. त्यांनी बँडकडे पाहिलं. सगळे त्यांच्या टाचेकडेच बघत होते. लेकीकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"कापा," ते म्हणाले.

सबनीसांनी ब्लेडनं कापलं, टोकं जुळवली, लावून दाखवलं. दुसरं कडवं, लगेच तिसरं. मास्तरांनी कान देऊन ऐकलं. गाणं बरोबर होतं. वाजवणारा आपणच, हेही खरं होतं. तरी कुणी तरी दुसऱ्यानंच गर्दीतून पुढं घुसून आपलं गाणं वाजवावं तसं त्यांना वाटलं.

कापलेली फीत सबनीसांनी त्यांच्या हातात दिली. तपकिरी, चकचकीत, लुगड्याच्या काठाएवढी लांब. एवढ्याशा वाजवण्याची एवढी लांबी बघून मास्तर चक्रावले. त्यांनी ती उलटून पाहिली, बोटावर गुंडाळली. कुणी बघत नाही असं पाहून कानाशी नेली.

घरी जाताना बजाबाई म्हणाली, "आण्णा, ही वाजवायची कशावर?"

"मशीन लागतं म्हनं."

"ते आपल्याकडं कुटंय?"

"न्हाय की."

पोर जागं झालं होतं. त्यानं फितीचं टोक मुठीत धरलं आणि तोंडाकडे ओढलं. बजाबाई सोडवायला गेली.

"ऱ्हाऊ दे," मास्तर म्हणाले, आणि तुटू नये म्हणून हातातली गुंडाळी थोडी सैल सोडत, पोराच्या मुठीच्या बेतानं चालायला लागले.