गाडी शनिवारीच दिली

गावाची गाडी खरं तर सोमवारपर्यंत चालली असती. तिचे कागद सोमवारी संध्याकाळी संपत होते, आणि त्यानंतर ती रस्त्यावर आणायची नाही, भंगारात घालायची, असं आरटीओ ऑफिसातल्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. तिच्या जागी तशीच दुसरी घ्यावी म्हटलं, तर कंपनीनं ती व्हॅन बनवणंच कधीचं बंद केलेलं. हल्लीच्या अँब्युलन्स दांडग्या. गाडी चालवणाऱ्या मंडळाच्या वर्गणीत त्या बसत नाहीत आणि गावाच्या गल्लीत तर मुळीच मावत नाहीत.

ही मावायची. फागण्याहून नऊ किलोमीटर आतल्या त्या गावात जीवराम अठरा वर्षं ती चालवत होता. भिंतीला आरसा घासू न देता गाडी पार उंबऱ्यापाशी न्यायची, दार सरकवायचं, की पेशंट खाटेवरून सरळ आत. बाळंतिणी, साप चावलेले, फवारणी करताना चक्कर येऊन पडलेले, सगळ्यांना त्यानं धुळ्याला पोचवलं. त्याच्या बायकोला, बेबाबाईला, तर वर्षातून दोन-तीनदा. तिचा दमा एकदा उसळला म्हणजे दवाखाना गाठेपर्यंत ऑक्सिजन लागायचाच. गाडीतल्या सिलिंडरवर पहिला हक्क बेबाबाईचा, असं गाव थट्टेनं म्हणायचं.

घोळ झाला तो तिथीचा. तो सोमवार अमावास्येचा निघाला, आणि विषय काढला तो जीवरामनंच, दुसऱ्या कुणी नाही.

"अमुश्याले लक्ष्मीले घरबाहेर काढतस का, नाना?" मंडळाच्या बैठकीत त्यानं अध्यक्ष पितांबरनानांना विचारलं.

नानांना ते पटलं. सगळ्या मंडळाला पटलं. रविवारी भंगारवाल्याला सुट्टी. शुक्रवार लक्ष्मीचा, तोही नको. शनिवारी लोखंड घेत नाहीत, पण दिलेलं चालतं. झालं, शनिवार ठरला. वार-तिथीचा एवढा कीस पाडणाऱ्या त्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की मधल्या दोन दिवसांत कुणी आजारी पडलं तर काय करायचं. आलं असतं तरी म्हणाले असते, सरकारी गाडी शे ना!

शनिवारी गाडीला लेकीसारखं वाटेला लावलं. बायांनी हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, बँजो वाजला. बेबाबाईनं ओवाळलं आणि पदराला डोळे पुसले. जीवरामनं स्टिअरिंगसमोरचा गणपती पान्यानं सोडवून नव्या फडक्यात गुंडाळला आणि घरी देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. मागचा सिलिंडर मात्र तसाच राहिला. देवाची आठवण झाली, सिलिंडरची कुणालाच झाली नाही, आणि तो भंगाराबरोबर धुळ्याला गेला.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास बेबाबाई ओट्यावर कापूस निवडत बसली होती. आधी खोकला आला, मग खोकलाही येईना. दम्याचा फवारा ओढला, उपयोग झाला नाही. जीवरामनं सरकारी गाडीला फोन लावला. ती हायवेवरच्या अपघाताला गेलेली होती. पाऊण तास तरी लागेल, असं पलीकडची बाई अगदी नरमाईनं म्हणाली. जीवराम सवयीनं गल्लीत धावला, जिथं गाडी उभी असायची तिथं. मोकळ्या जागेकडे बघत तो नुसता उभा राहिला. दोन दिवस, त्याच्या मनात आलं, अजून दोनच दिवस थांबलो असतो, तर आज ती इथं असती.

शेजारच्या नवलनं आपली भाजीची पिकअप काढली. ती गल्लीत शिरेना, म्हणून चौघांनी खाट मारुतीच्या पारापर्यंत नेली. बेबाबाईला आडवं होता येत नव्हतं, बसवून धरावं लागत होतं. म्हणून नवल पुढे बसला आणि जीवराम मागे, तिला छातीशी धरून. अठरा वर्षं पेशंटकडे त्याची पाठ असायची. मागे काय चालतं ते त्याला नुसतं ऐकू यायचं. आता तिची नखं निळी पडताना दिसत होती, आणि त्याला ते बघवत नव्हतं.

"कोठलोंग उनूत?" तिनं कसंबसं विचारलं.

"धुये उनं व," तो म्हणाला. "दम धर."

कसलं धुळं! अजून फागण्याचा फाटासुद्धा आला नव्हता. पण तो सगळ्यांना हेच सांगत आलेला. गाडी गावाबाहेर पडली की पाचव्या मिनिटाला, मान न वळवता, धुये उनं. माणसाला तेवढाच धीर येतो. घरी जेवताना तो हे रंगवून सांगायचा आणि बेबाबाई हसता हसता म्हणायची, पाप लागी तुम्हले. तिला स्वतःला मात्र तो असं कधी म्हणाला नव्हता. तिला खरं ते ठाऊकच असायचं.

बेबाबाईनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं.

"माले बी तेच सांगतस का?"

तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिनं त्याच्या सदऱ्यावरची मूठ हळूच सैल केली.

फाट्यावर नवलनं पिकअप हायवेला घातली तेव्हा तिची मान जीवरामच्या खांद्यावर कलंडलेली होती आणि श्वास थांबला होता. नवलला काहीच कळलं नव्हतं. तो हॉर्न दाबून ट्रकमागून ट्रक मागे टाकत होता. टपावर एक थाप मारली असती तर तो थांबला असता. जीवरामनं थाप मारली नाही. धुळं खरोखर आलं, तेव्हा तिच्या कानाशी तोंड नेऊन त्यानं तिला तसं सांगितलं.