कव्हर बँडचं, आत ऑर्गन

ऑलिव्ह झोपली आहे, तोवर हे लिहून घेते.

दुपार कलली की माझी लेक रडायला लागायची. खांद्यावर घेऊन फिरवलं, पाळणा हलवला, नवऱ्याने तोंडाने नाना आवाज काढले, कशाचाही उपयोग नाही. एकच गोष्ट लागू पडायची. ब्रॅकनशॉच्या कोळसा खाणीतल्या कामगारांच्या बँडची एक जुनी रेकॉर्ड, तिच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं संथ स्तोत्र. ते पितळी कर्णे एका सुरात भरून आले की ऑलिव्हची आवळलेली मूठ हळूच सुटायची. खाण कधीच बंद पडली, बँड मोडला, आणि ती रेकॉर्ड इंटरनेटवरही कुणी चढवलेली नाही.

अशी ती रेकॉर्ड मी खिडकीखालच्या हीटरला टेकवून ठेवली. दुपारपर्यंत तिचा पापड झाला.

मग काय, बाबागाडी काढली आणि त्याच रेकॉर्डची दुसरी प्रत शोधायला निघाले. लीड्सच्या दुकानात उतरायला अरुंद लोखंडी जिना. "गाडी बाहेर ठेवा," मालक म्हणाला. "आणि मूल?" यावर त्याने खरंच थोडा विचार केला. शेफील्डच्या दुकानावर पाटी होती, 'लवकरच येतो'. आमची परतीची गाडी सुटेपर्यंत तो आला नाही. तिसरीकडे 'खाणीचा बँड' म्हटल्यावर काउंटरवरचा दाढीवाला असा हसला, जणू मी मासळीबाजारात वांगी मागितली.

पण खोटं कशाला बोलू, मजाही येत होती. बाळंतपणानंतर प्रथमच माझी बोटं स्वतःच्या आवडीचं काही चाळत होती. जुन्या पुठ्ठ्याचा तो वास. एकेक कव्हर पुढे पाडताना होणारा थप, थप आवाज. ऑलिव्हही तो कान देऊन ऐकायची.

शेवटी आमच्याच बार्न्सलीत, डेस्मंडच्या दुकानात ते कव्हर सापडलं. डेस्मंड मांडणीवर नुसती रिकामी कव्हरं ठेवतो, रेकॉर्डी त्याच्या पाठीमागच्या फळीवर असतात. आपण कव्हर न्यायचं, त्याने आत रेकॉर्ड सरकवून द्यायची. मी जवळजवळ पळतच घरी आले, पिन टेकवली, आणि चर्चचा ऑर्गन गडगडला. ऑलिव्हने जो टाहो फोडला!

दुसऱ्या दिवशी पुन्हा डेस्मंडपुढे उभी.

"कव्हर बँडचं आणि आत ऑर्गन."

"शक्यच नाही, पोरी. माझा हात डोळे मिटून चालतो."

"तेच झालं असणार."

त्याने फळी धुंडाळली आणि कपाळावर हात मारला. "दोन रेकॉर्डींची अदलाबदल केली मी. ऑर्गनच्या कव्हरात बँड घालून दिला, तोही मिसेस हॅडफील्डना. जन्मभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवलाय त्यांनी! गुरुवारी येतील, आणि त्या आल्या की मी चहा आणायला जाणार."

"तुम्ही कुठेही जाणार नाही."

गुरुवारी दुकान उघडायच्या आधीच मी दारात होते. मिसेस हॅडफील्ड आल्या. चिमणीएवढ्या बाई, काखेत ऑर्गनचं कव्हर. डेस्मंड माफी मागायला लागला.

"माफी राहू दे. या बँडच्या आणखी रेकॉर्डी काढ."

"म्हणजे?"

"तक्रार करायलाच निघाले होते. म्हटलं, पुराव्याला दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात. या बँडवाल्यांना जन्मभर बें-बें करणारी मेंढरं म्हणत आले मी. आणि ते शेवटचं स्तोत्र! मी ते दर रविवारी वाजवलं, पण असं एकदाही नाही. ही मी ठेवून घेणार."

"ती माझी आहे," मी म्हणाले. "कव्हर माझ्याकडे आहे."

"आणि रेकॉर्ड माझ्याकडे."

"माझी मुलगी तिच्याशिवाय झोपत नाही."

"या वयात मीही झोपत नाही, पोरी. कुणाची रेकॉर्ड पळवते का?"

"मी ती घेतल्याशिवाय इथून हलणार नाही."

"मग खुर्ची माग."

तेवढ्यात ऑलिव्हने सूर लावला. अरुंद दुकान, मागे वळायला जागा नाही, गिऱ्हाइकं माना वळवून बघतायत. डेस्मंडने मिसेस हॅडफील्डच्या काखेतलं कव्हर ओढलं, रेकॉर्ड चढवली आणि शेवटच्या स्तोत्रावर पिन सोडली.

कर्णे भरून आले. कवट्यांचं चित्र असलेला टीशर्ट घातलेला एक तरुण हातातलं कव्हर पुढे न पाडता तसाच थबकला. ऑलिव्हचा हुंदका अर्ध्यावर विरला. मिसेस हॅडफील्डची बोटं बाबागाडीच्या दांड्यावर चालत होती, ऑर्गनच्या पट्ट्या दाबल्यासारखी. स्तोत्र संपलं, पिन आतल्या रेघेत खरखरत राहिली, तरी ती कुणी उचलेना.

"रोज अशीच झोपते?" मिसेस हॅडफील्डनी विचारलं.

"रोज."

त्यांनी रेकॉर्ड कडांनी धरून उचलली, माझ्या कव्हरात सरकवली आणि पुढे केली. मी धरली, पण त्यांनी सोडली नाही.

"अट आहे. दर गुरुवारी हिला इथे आणायचं, आणि ही लावायची."

"माझ्या दुकानात?" डेस्मंड ओरडला. "गिऱ्हाइकं पळतील!"

"डोळे मिटून हात चालतो ना तुझा? मग कानही मिटून घे."

"कबूल," मी म्हणाले, तेव्हा कुठे त्यांची पकड सुटली. मी ऑर्गन त्यांच्या हवाली केला.

"आणि हीटरपासून लांब ठेव," त्या म्हणाल्या. हीटरची गोष्ट मी फक्त डेस्मंडला सांगितली होती; त्याच्या पोटात काही राहत नाही.

तेव्हापासून आमचा एकही गुरुवार चुकलेला नाही. गेल्या खेपेला पाहिलं तर डेस्मंडने मधली मांडणी भिंतीकडे सरकवली आहे. बाबागाडी आता आरपार जाते. झाडू मारायला सोयीचं पडतं, असं त्याचं म्हणणं.