हिरव्या दोऱ्याचा बाण

गोजाबाईंनी बाणाचं मऊ टोक आपल्याच गालावर दाबून पाहिलं, पुन्हा एकदा दाबलं आणि बाण सुनेपुढं धरला.

"सिद्धे, बघ गं. चकती हाय न्हवं आत?"

सिद्धेश्वरीनं टोक चाचपलं. चकती होती, अगदी मधोमध. सासूच्या हातची चकती कधी तसूभर सरकत नसे.

"हाय की, आत्या."

"नीट बघ. माझ्या हाताचा भरवसा न्हाय आता."

हे ऐकलं की सिद्धेश्वरी घाईनं दुसरा बाण हातात घ्यायची.

अक्कलकोट रोडला मल्हारनं लुटुपुटीच्या लढाईचं मैदान काढलं होतं. पोरंपोरी तोंडाला जाळी बांधून एकमेकांवर बाण सोडायची. पैसे देऊन मार खायची हौस, असं गोजाबाई म्हणायच्या. पण त्या लढाईचे बाण त्यांच्याच घरात तयार होत. फायबरच्या दांडीच्या तोंडाशी जुन्या चपलेच्या तळाची चकती, तिच्यावर जाड फोम, आणि वरून टॉवेलच्या चिंध्यांची टोपी. चिंध्या वीरेश कारखान्यातून आणायचा. टोपी सुईनं टाचून दोऱ्यानं आवळायची. कुणाचं काम ते कळावं म्हणून आईचा दोरा हिरवा आणि बायकोचा लाल, हे वीरेशनंच ठरवून दिलं होतं.

चकती घालायची राहिली तर दांडी फोम फोडून बाहेर येते. लढाईत एकदा तशी ती आली, आणि एका मुलीच्या गळ्याच्या हाडापाशी घुसली. टाके पडले. मल्हार तो फुटका बाण घेऊन घरी आला. दोरा हिरवा होता.

तो ओरडला असता तर परवडलं असतं. "गोजाबाई, तुमचं आता वय झालं. वहिनी करतील, तुम्ही कशाला त्रास घेता?" एवढंच तो म्हणाला.

"माझ्याच हातनं ऱ्हायली असंल," गोजाबाई म्हणाल्या. बाण त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही.

सिद्धेश्वरी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप मल्हारपुढं ठेवला आणि आत निघून गेली.

बाण तिचा होता. तो केला तो दिवस सोमवारचा होता. तिची आंघोळ झालेली आणि पूजा व्हायची होती. कापलेल्या चकत्या संपल्या होत्या. नवी कापायची तर चपलेला हात लावावा लागला असता. एकच बाण उरला होता, म्हणून तिनं टॉवेलची दुहेरी घडी आत दडपली. लाल रीळही संपलं होतं, म्हणून सासूच्या रिळातला दोरा घेतला. मग त्या स्वच्छ हातांनी महादेवाला बेल वाहिला.

मल्हार येऊन गेला त्या संध्याकाळी सांगू, असं तिनं ठरवलं होतं. संध्याकाळी वीरेश घरी होता. दुसऱ्या दिवशी शेजारीण बसली होती. न सांगायला कारण रोज मिळत गेलं, आणि आपण भित्र्या आहोत हे तिला रोज नव्यानं कळत गेलं. तिकडं गोजाबाई आमटीत मीठ घातलं का म्हणून विचारायला लागल्या. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघायला लागल्या.

आता त्यांनी हिरवं रीळ सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"ह्ये तूच घे. मी नुसत्या चिंध्या कापते. आन् आजपासनं सोनमला आंगूळ बी तूच घाल."

"का वो?"

"पानी किती कडक हाय ते बघायचं ऱ्हायलं तर? लेकरू हाय."

झोळीत सोनम झोपली होती. जन्मल्यापासून तिला आजीशिवाय कुणी न्हाऊ घातलं नव्हतं.

"आत्या, त्यो बाण माझा हुता."

"आं?"

"माझा हुता. चकती मीच घातली न्हाय."

"दोरा हिरवा हुता की."

"माझं रीळ संपलेलं. तुमचं घेतलं. पूजा व्हायची हुती, चपलेला हात कसा लावू म्हनून…"

तिनं मान खाली घातली. आता काय ते बोलतील, हाणलं तरी चालेल, असं तिला वाटत होतं. पण गोजाबाई हसल्या.

"म्हंजे माझं डोळं चांगलं हायत!"

त्यांनी रीळ ओढून घेतलं, सुई उजेडाकडं धरली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला. सिद्धेश्वरीही हसली. तिला एकदम मोकळं वाटलं. उगाचच इतकी भ्याले, असं वाटलं.

दोरा ओढता ओढता गोजाबाईंचा हात थांबला.

"मग इतकं दिस मला आंधळी का ठिवलीस गं?"

झोळीत सोनम कुरकुरली. सिद्धेश्वरी उठायला लागली, तर गोजाबाई आधीच उठल्या होत्या.

"तू बस. मल्हारला फोन लाव," त्या म्हणाल्या. "सोनमच्या आंगुळीचं पानी मी काढते."

सिद्धेश्वरीनं फोन लावला. न्हाणीत बादली भरत होती आणि तिकडं मल्हारच्या फोनची रिंग वाजत होती.