पेटीची परीक्षा

"या डब्याला जमिनीखालचं काय कळणार?" रस्ते खात्याच्या साहेबांनी नाक मुरडलं. इंजिनिअर बाईंचं डोकंच फिरलं. घाटातल्या चौकीत त्यांनी आपली सुटकेसएवढी पेटी रस्त्याकडेला पुरलेल्या फायबर केबलला जोडली.

"केबलवरून चाला, साहेब. पावलांच्या हादऱ्यांवरून कुठे आहात ते मी इथून सांगते."

साहेब तणतणत निघाले. थोड्या वेळाने बाईंचा फोन आला. "पुलाजवळ थांबलात ना?"

"हो, बरोब्बर!"

"मग पुढच्या वळणावर कोण चालतंय?"

"तिथं चिटपाखरूही नाही."

"मग डोंगर चालतोय! परत फिरा!"

रस्ता लगेच बंद केला. दुपारी अख्खा कडा रिकाम्या वळणावर कोसळला. साहेबांनी चौकीतल्या शिपायाला पेटीला हात लावू दिला नाही. ती स्वतःच खांद्यावर घेतली. "बाई, पुढचा घाट कुठला?"