मिल लेनच्या वळणावरची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. पण मला नुसती काठी म्हणालात तर राग येईल. माझ्या डोक्यावर परातीएवढी गोल पिवळी पाटी आहे आणि तिच्यावर ठसठशीत काळ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'थांबा, मुले'. लांबून मी काडीवर खोचलेल्या गोळीसारखी दिसते, म्हणून मला हातात धरणाऱ्या बाईला आमच्या ब्रॅकनशॉ गावात सगळे लॉलीपॉपबाई म्हणतात. मला या नावाची गंमत कधीच वाटली नाही. मी रस्त्यात उभी राहिले की दगडखाणीचे वीस-वीस टनांचे ट्रक थांबतात. त्यांना थांबावंच लागतं, तसा कायदा आहे. गोळीसाठी कुठला ट्रक थांबेल?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ती ग्लेनिस. ग्लेनिस हार्डकॅसल. १९९६ साली नगरपालिकेच्या कोठारातून तिनं मला उचललं, वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, "उंच आहेस. बरं झालं, मी बुटकी आहे." त्या दिवसापासून आम्ही दोघी मिल लेनच्या वळणावर. सकाळी आठ वीस ते नऊ, दुपारी तीन ते साडेतीन. एका बाजूला विटांच्या घरांची रांग, दुसऱ्या बाजूला शाळा आणि मधून उतारावरून येणारा रस्ता. वळणामुळे येणारी गाडी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

पण मला ती कळायची. माझं लोखंडी टोक फुटपाथच्या कडेच्या दगडावर टेकलेलं असे. ट्रक वळणाच्या पलीकडे असतानाच तो दगड थरथरायचा. ती थरथर माझ्यातून वर चढून ग्लेनिसच्या तळहातात जायची. "थांबा रे, मोठं काहीतरी येतंय," ती म्हणायची आणि मग ट्रक दिसायचा. मुलांना ती चेटकीण वाटायची. आमचं हे गुपित तिनं कुणाला सांगितलं नाही आणि मीही नाही.

तिचा नियम एकच होता. पहिल्या दिवशी आलेल्या प्रत्येक मुलाला ती तो वाकून सांगायची, "गाड्यांकडे बघायचं काम माझं, राजा. तू फक्त काठीकडे बघ. काठी फुटपाथवर, तर तूही फुटपाथवर. काठी रस्त्यात उतरली की तू उतरायचं." पोरं हे इतकं शिकली की मी हलले की तीही हलायची. ही शिकवण चांगली की वाईट, असा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. मलाही पडला नाही. उलट मला त्याचा गर्व होता.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. नाताळात मुलं माझ्या दांड्याला चमचमत्या झिरमिळ्या बांधायची. ग्लेनिसला दहा वर्षं झाली तेव्हा महापौर गळ्यात हुद्द्याची साखळी घालून आले, केक कापला, गावच्या वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. फोटोत ग्लेनिसचे डोळे मिटलेले होते, मी मात्र छान आले होते.

मग काटकसर आली. लंडनच्या सरकारनं गावोगावच्या नगरपालिकांचे पैसे कापले. हे सगळं मला फुटपाथवरूनच समजत गेलं. आधी दुपारची बस बंद झाली. मग समोरच्या ग्रंथालयाचे दिवे आठवड्यातून दोनच दिवस लागू लागले, आणि नंतर लागेनासेच झाले. थंडीत बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी मिल लेनला यायची थांबली. बस गेली म्हणून लोक मोटारी काढू लागले आणि माझ्यासमोरची रांग वाढत गेली.

आमच्या गावात दोन पक्ष आहेत. एकाचे लोक छातीवर लाल फीत लावतात, दुसऱ्याचे निळी. गाव लाल फीतवाल्यांकडे होतं तेव्हा ते म्हणायचे, "लंडनहून पैसेच येत नाहीत, आम्ही काय करणार?" आणि निळे म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं." पुढं निवडणूक होऊन गाव निळ्यांकडे गेलं. मग निळे म्हणू लागले, "लंडनहून पैसेच येत नाहीत, आम्ही काय करणार?" आणि लाल म्हणू लागले, "अंगण वाकडं!" दोघंही माझ्या शेजारी उभे राहून फोटो मात्र काढायचे. एकदा तर एकाच सकाळी दोघं आले. ग्लेनिस म्हणाली, "अरे, एकाच फोटोत उभे राहा की, तेवढीच बचत!" कुणी हसलं नाही.

२०१८ च्या मार्च महिन्यात पत्र आलं. गावातल्या बारा रस्ता-ओलांडणीच्या जागांपैकी ज्या नियमात बसणार नाहीत त्या बंद होणार. नियम असा होता, अर्धा तास बसायचं, किती मुलं रस्ता ओलांडतात आणि किती गाड्या जातात ते मोजायचं. मग गाड्यांच्या आकड्याचा वर्ग करायचा आणि त्याला मुलांच्या आकड्यानं गुणायचं. तुम्हाला वर्ग शिकवलाय ना? मग तुमच्या लक्षात येईल, मित्रांनो. गाड्या थोड्या जरी कमी झाल्या तरी उत्तर धाडकन खाली येतं.

मोजायला आला रसेल टॉर्डॉफ. लहानपणी तो याच वळणावर ग्लेनिसचा हात धरून रस्ता ओलांडायचा. आता नगरपालिकेत नोकरीला होता. घडीची खुर्ची टाकून, हातात मोजणीचं यंत्र घेऊन बसला.

"काय रे रसेल, नाक पुसायला शिकलास वाटतं."

"ग्लेनिस, कामावर आहे मी," तो लाजून म्हणाला.

"मग कर की काम. ह्या रस्त्यावर गाड्यांना काय तोटा!"

तिचं खरं होतं. रोज त्या वेळी वळणापर्यंत रांग लागायची. पण त्या दिवशी आठ वाजताच लाल फीतवाले आले. 'आमची लॉलीपॉपबाई वाचवा' असे फलक, कर्णा आणि दोन गाड्या. गाड्या त्यांनी वळणावरच लावल्या. मग निळे आले. या गोष्टीला लंडन कसं जबाबदार आहे ते सांगायला त्यांनीही कर्णा आणला होता. रस्ता अर्धा अडला. वरून येणारे मोटारवाले लांबूनच गर्दी बघायचे आणि कालव्याकाठच्या रस्त्यानं वळून जायचे.

मला ते आधी कळलं. दगड थरथरायचा थांबला होता.

ग्लेनिस मला घेऊनच धावली. "अहो, गाड्या काढा तुमच्या! तुमच्यामुळे एक मोटार इकडे फिरकेना!"

निळ्या फीतवाले एन्टविसलसाहेब हसून म्हणाले, "बाई, मग चांगलंच आहे की. बघा, किती सुरक्षित वाटतंय."

"सुरक्षित उद्या वाटू दे! आज तो मोजतोय, आज गाड्या दिसायला हव्यात!"

लाल फीतवाल्या बाईंनी तिचा खांदा थोपटला. "आम्ही तुमच्याच बाजूनं आहोत, ग्लेनिस. जरा इकडे बघा, कॅमेरा इथे आहे."

ग्लेनिस रसेलकडे गेली. तिचा हात माझ्यावर घट्ट झाला होता. "तुला माहीत आहे रे, रोज इथे काय असतं. लिही ना तसं."

रसेल खाली बघत म्हणाला, "मी दिसतं तेवढंच लिहू शकतो. माझ्यावरही कुणीतरी नजर ठेवतं." नऊला तो उठला. खुर्ची मिटताना त्याचं बोट चिमटलं.

आम्ही नऊ गाड्यांनी कमी पडलो. नगरपालिकेच्या सभेत निळ्यांनी जागा बंद करण्याच्या बाजूनं हात वर केले. लाल फीतवाले निषेध म्हणून सभा सोडून बाहेर पडले आणि पायऱ्यांवर उभे राहून घोषणा देत राहिले. त्यामुळे त्यांची मतं पडलीच नाहीत. ग्लेनिस घरी येऊन मला म्हणाली, "एकानं ढकललं आणि दुसरा हात द्यायच्या वेळी टाळ्या वाजवायला गेला." ती फार रागावली की माझ्याशीच बोलायची.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला कोठारात जमा करायचं होतं. तिनं केलं नाही. सोमवारी ती नेहमीसारखी आठ वीसला वळणावर उभी होती, पिवळा कोट घालून.

मुलं जमत होती. त्यांत टॅन्सी होती, सहा वर्षांची. तिचा एक डोळा अधू होता. त्यानं काम शिकावं म्हणून डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावलेली. तिची आई जोडी वृद्धाश्रमात काम करायची, सकाळी सातलाच निघायची. जाताना ग्लेनिसच्या घराच्या खिडकीखालून ओरडायची, "ग्लेनिस, आहेस ना?" आणि ग्लेनिस ओरडायची, "मी कुठे जाणार!" त्या एका उत्तरावर जोडी निर्धास्त कामावर जायची.

आठ पस्तीसला रसेलची व्हॅन समोरच्या बाजूला थांबली.

"द्या, ग्लेनिस."

"वीस मिनिटं थांब. एवढी पोरं जाऊ देत."

"नाही थांबता येत. आता तुम्ही गाडी अडवलीत तर बेकायदा आहे. काही झालं तर तुमच्या गळ्यात येईल. मला तसं नको आहे."

ग्लेनिसनं मुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिवळा कोट काढून त्याची घडी केली आणि त्याच्या हातात दिली. वर मला ठेवलं. "घे. आणि सांग तुझ्या साहेबांना, चांगली पुसून दिलीय." मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि रुमाल शोधू लागली. बावीस वर्षांत मुलांसमोर ती कधी रडली नव्हती.

रसेलनं मला खांद्यावर टाकलं. माझी पाटी त्याच्या पाठीमागे आडवी झाली, माझं टोक हवेत. त्यानं उजवीकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. तो व्हॅनकडे जायला रस्त्यात उतरला.

आणि मुलंही उतरली.

काठी रस्त्यात उतरली होती ना! त्यांना शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. पाठीमागे लटकताना मला त्यांचे बूट दिसत होते, सगळ्यांत पुढे टॅन्सीचे निळे बूट. तिचा अधू डोळा फक्त माझा पिवळा गोल शोधत होता. वळणापलीकडे ट्रक होता की नव्हता, मला माहीत नव्हतं. दगड माझ्या टोकाखाली नव्हता. मित्रांनो, एवढी असहाय मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

ट्रक दिसला तेव्हा फार जवळ होता.

ग्लेनिसनं ऐकलं, वळली आणि किंचाळली, "मागे!" मोठी मुलं थबकली. टॅन्सी थबकली नाही, ती माझ्याकडे बघत चालत राहिली. मग ती सहासष्ट वर्षांची बाई दोन्ही हात पसरून, कोटाशिवाय, काठीशिवाय ट्रकसमोर धावली. रसेलनं गर्रकन वळून मला खांद्यावरून खाली आणलं आणि रस्त्यात उभं केलं. ब्रेक किंचाळले. रबराचा जळका वास आला. ट्रकचा आरसा माझ्या पाटीवर आदळला आणि मी मधोमध चिरले.

ट्रक थांबला. त्याच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर ग्लेनिस पडली होती आणि तिच्या अंगाखाली टॅन्सी होती. टॅन्सी रडत म्हणाली, "मिस, तुम्ही माझ्या हातावर बसलात." ते ऐकून रसेल तिथेच रस्त्यात खाली बसला.

ग्लेनिसचं मनगट मोडलं. माझ्यावर ज्या हाताची पकड असायची, तोच हात.

तुम्हाला वाटेल, मग सगळ्यांचे डोळे उघडले असतील. आठवड्याभरात घराघरांत दोन पत्रकं पडली, एक लाल, एक निळं. दोन्हींवर माझ्या चिरलेल्या पाटीचा एकच फोटो होता आणि खाली दुसऱ्या पक्षाचं नाव. वळणावरची जागा काही परत मिळाली नाही. पुढची मोजणी तीन वर्षांनी.

रसेलनं मात्र एक केलं. कोठाराच्या कागदावर त्यानं माझ्यापुढे 'मोडीत काढली' असं लिहिलं आणि मला ग्लेनिसच्या दाराशी आणून ठेवलं. तिनं त्याला चहा दिला, दोन बिस्किटं दिली.

आता मी तिच्या दारामागे उभी असते. मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, काचेच्या कपाटात ठेवू नका. माझी एवढीच विनंती आहे. कुठे कुणी तुमच्या रस्त्यावर मोजायला बसलं, तर त्याला सांगा की काल इथे काय होतं आणि उद्या काय असेल. आणि आईबाबांच्या गाडीत बसाल तेव्हा वळणापाशी त्यांना म्हणा, 'थांबा.' मी म्हणायची तसं, ठसठशीत.

ग्लेनिस अजूनही रोज आठ वीसला बाहेर पडते. डाव्या हातात लोखंडी टोकाची जुनी छत्री घेते आणि ते टोक कडेच्या दगडावर टेकवून उभी राहते. गाड्यांना थांबवायचा हक्क आता तिला नाही, म्हणून ती मुलांना थांबवते. तिचं घर वळणापासून चौथं आहे, दारामागे मला सगळं ऐकू येतं. ट्रक जातात, मोटारी जातात, एकही थांबत नाही. पलीकडे शाळेची घंटा वाजते. टॅन्सी विचारते, "मिस, आता?"

"नाही, राजा," ग्लेनिस म्हणते. "अजून नाही."